कन्सोल ६००० वर, आवाज एकाच बाजूने, आणि व्हेंडर म्हणतो डीएमझेड करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मचा कारखाना, साठ एक्स्टेन्शन, सेल्सचं छोटं ऑफिस नवी पेठेत, तिथल्या पोरींना ब्राउझरमधूनच फोन लावायचाय. टेलिफोन सर्व्हर ॲस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवरचा, लिनक्स मशीन, शिलाई हॉलच्या बाजूच्या खोलीत, आतला आयपी पत्ता १९२.१६८.१.१०. राउटरवर ४४३ नंबरचा पोर्ट (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर असलेलं दार, ४४३ हे सुरक्षित वेबपानांचं) आधीच हजेरीच्या मशीनला दिलेला, कारण शेठ घरून हजेरी बघतात. म्हणून व्हेंडरने टेलिफोनचा वेब कन्सोल (ब्राउझरमधलं सेटिंगचं पान) ६००० वर नेला, आणि तो आता क्रोममध्ये उघडतच नाही. मोबाईलमधलं ॲप रजिस्टर होतं, पण ऑफिसचा आवाज मोबाईलवर येतो आणि मोबाईलवाल्याचा ऑफिसात येत नाही, वर काही कॉल अर्ध्या मिनिटात कटतात. आता व्हेंडर म्हणतो सर्व्हर सरळ राउटरच्या डीएमझेडमध्ये (म्हणजे बाहेरची सगळी दारं त्या एका मशीनकडं) टाका म्हणजे कटकट मिटेल. टाकू का?

नका टाकू. आधी ६००० चं बघू, कारण ते बघताना बाकीचं निम्मं आपोआप कळतंय.

कन्सोल बंद नाहीये. त्याच सर्व्हरवर बसून कर्ल (ब्राउझरशिवाय पान मागवायची कमांड) मारा, पान व्यवस्थित येईल. क्रोमच नाही म्हणतोय, एरर नीट वाचली तर त्यात 'अनसेफ पोर्ट' असं लिहिलेलं असतं, फायरफॉक्स पण आपल्या भाषेत तेच सांगतो. ब्राउझरांकडे बंदी घातलेल्या पोर्टची एक यादी असते, त्यात ६००० आहे (जुन्या युनिक्सच्या एक्स विंडोचा पोर्ट), ६६६५ ते ६६६९ आहेत, आणि २०२० मध्ये नॅट स्लिपस्ट्रीमिंग नावाचा हल्ला उघड झाल्यावर ५०६० आणि ५०६१ पण त्यात गेले. म्हणजे उद्या कोणी हुशारीने कन्सोल ५०६१ वर नेला तरी हेच होणार. फायरवॉलमध्ये दोन दोन तास डोकं घालणारे लोक बघितलेत मी, आणि अडवणारा समोरचा ब्राउझर.

पण खरी गंमत पुढे आहे. कन्सोल हलवायची गरजच नव्हती की!

पोर्ट हा एकटा नसतो, तो कुठल्यातरी पत्त्यावरचा असतो. आपल्याकडं प्रत्येक अपार्टमेंटमध्ये बारा नंबरचा फ्लॅट असतोय, म्हणून पोस्टमन गोंधळत नाही, कारण तो आधी बिल्डिंग बघतो. तसंच हे. राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावरचा ४४३ वेगळा, हजेरीच्या मशीनचा ४४३ वेगळा आणि टेलिफोन सर्व्हरचा ४४३ वेगळा. भांडण फक्त बाहेरच्या ४४३ वर होतं, कारण बाहेरचा पत्ता एकच आहे. आत १९२.१६८.१.१० वर कन्सोल ४४३ वर निवांत बसला असता, कोणाला काही त्रास नव्हता. व्हेंडरने बाहेरचं भांडण आत आणलं. तुमच्या बाकीच्या तक्रारी बघितल्या तर त्या पण सगळ्या पत्त्याच्या आहेत, पोर्ट नंबरची एकही नाही.

म्हणून पहिलं काम, कन्सोल परत ४४३ वर आणा आणि तो बाहेरून उघडायचा नाही असं ठरवून टाका. शेठला हजेरी बघायची असते ते ठीक, पण टेलिफोनचा ॲडमिन कन्सोल बाहेरून कोणाला बघायचाय? तुम्हाला आणि व्हेंडरला, बस. दोघांना व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायची खाजगी वाट) द्या. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन टाकायला अर्धा तास लागतो, बाहेर एकच यूडीपी (पोच न मागता पॅकेट सोडायची पद्धत) पोर्ट लागतो, बहुतेक जण ५१८२० ठेवतात, आणि ज्याच्याकडं त्याची की (किल्ली) नाही त्याला तो उत्तरच देत नाही, म्हणजे स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे हे पण कळत नाही. व्हेंडर कुरकुरेल, मला मोबाईलवरून चटकन बघता येत नाही म्हणेल. कुरकुरू द्या.

आता 'ऐकणे' म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. सर्व्हरवर एसएस कमांड मारा, मायनस टीयूएलपीएन लावून. एक यादी येईल, कुठला प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर कुठल्या पोर्टला कान लावून बसलाय त्याची. नंबर सगळे बघतात, तुम्ही नंबरच्या आधीचा पत्ता बघा. ०.०.०.० असेल तर तो मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय. १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच मशीनमधल्यांचं ऐकतोय, बाहेरचा कितीही ओरडला तरी ऐकणार नाही. ॲस्टरिस्कच्या पोटात स्वतःचा एक छोटा वेब सर्व्हर असतो, साधा ८०८८ वर आणि टीएलएसवाला (म्हणजे एन्क्रिप्ट केलेला) ८०८९ वर, ब्राउझरमधून फोन करणारे त्याच्यावर येतात. शिवाय ५०३८ वर मॅनेजर इंटरफेस असतो, तो हातात आला की सगळा सर्व्हर हातात आला. आणि डेटाबेस ३३०६ वर. हे शेवटचे दोन १२७.०.०.१ वरच पाहिजेत. तुमच्या यादीत ०.०.०.०:५०३८ दिसलं तर बाकी सगळं सोडा आणि आधी ते नीट करा. आणि सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवायची सोय) चालवत असाल तर एक लक्षात ठेवा, डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर जातो. तुम्ही डिनाय लिहून समाधानाने घरी जाता आणि दार उघडं ते उघडंच.

डीएमझेडचं आता लक्षात आलं असेल. घरगुती राउटरमधलं डीएमझेड म्हणजे जे पोर्ट दुसऱ्या कोणाला दिलेले नाहीत ते सगळेच्या सगळे एका मशीनला देऊन टाकणं. आवाजासाठी पाहिजेत काहीशे, उघडे होतात जवळजवळ ६५,५३५. एका गावात एका कारखान्यात (नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत) असंच केलेलं होतं, एका एक्स्टेन्शनचा पासवर्ड एक्स्टेन्शनचाच नंबर होता. शनिवारी संध्याकाळी कारखाना बंद झाला आणि सोमवारी सकाळी मला फोन आला की लाईन सगळ्या बिझी का दाखवतायत. दीड दिवस कुठल्या कुठल्या देशांत कॉल चालू होते. बिलाचा आकडा मालकाने मला पण धड सांगितला नाही, नुसता हात हलवला. हे करणारी माणसं नसतात, मशीन असतात, २४ तास ५०६० शोधत फिरत असतात. पब्लिक आयपीवर ५०६० उघडा करून लॉग बघत बसा, चहा निवायच्या आत पहिला पाहुणा येतो.

बरं, मग हजेरी आणि टेलिफोन दोघांना बाहेरचा ४४३ लागला तर? लागणारच आहे, कारण नवी पेठेतल्या पोरींना ब्राउझरमधूनच फोन लावायचाय असं तुम्ही लिहिलंय. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे पुढं उभा राहून येणाऱ्याला योग्य मशीनकडं पाठवणारा. एक जुना डेस्कटॉप घ्या, लिनक्स टाका, एनजिनएक्स (हे काम करणारा वेब सर्व्हर) टाका, राउटरचा ४४३ त्याला द्या. डोमेनमध्ये दोन नावं करा, एक हजेरीचं एक फोनचं, दोन्ही एकाच पब्लिक आयपीवर. ब्राउझर कनेक्शन सुरू करतानाच कुठल्या नावाकडं जायचंय ते सांगतो, एनजिनएक्स नाव बघून हजेरीवाल्याला हजेरीच्या मशीनकडं आणि फोनवाल्याला टेलिफोन सर्व्हरच्या ८०८८ कडं पाठवतो. गेटवरचा वॉचमन कसा, शिलाई खात्यात जायचंय का पॅकिंगमध्ये विचारतो आणि बोट दाखवतो. त्यासाठी ८०८८ ला १२७ वरून काढून १९२.१६८.१.१० वर ऐकायला लावावं लागेल, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये ८०८८ ला फक्त प्रॉक्सीच्या आयपीवरून परवानगी द्या. ब्राउझरवाल्या एक्स्टेन्शनला सर्व्हरवर वेबआरटीसी (ब्राउझरमधून बोलायची सोय) वेगळं चालू करावं लागतं, ते पण विसरू नका. हे सगळं टेलिफोन सर्व्हरवरच करू नका, जमतं पण करू नका, तो बिचारा आवाजाचं काम करू दे.

एनजिनएक्स लावल्यावर तीन ठिकाणी माणूस आपटतो, तिन्ही ठिकाणी मी आपटलोय.

पहिलं, ब्राउझरमधला फोन वेबसॉकेटवर (सतत उघडं राहणारं कनेक्शन) चालतो, आणि एनजिनएक्सला अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर पुढे पाठव असं हाताने सांगावं लागतं, त्याच्याशिवाय रजिस्टरच होत नाही. रजिस्टर झाल्यावर मग नवीन तक्रार येते की दर मिनिटाला फोन लाल होतो. ते प्रॉक्सी रीड टाइमआउटमुळे, मुळात साठ सेकंद असतो, मधल्या वेळात समोरून काही आलं नाही की एनजिनएक्स कनेक्शन तोडतो. तो तासभर करून टाका.

दुसरं, फेलटूबॅन, म्हणजे पासवर्ड सारखा चुकवणाऱ्या आयपीला बंदी घालणारा प्रोग्राम. प्रॉक्सी मध्ये आली की सर्व्हरला येणारा प्रत्येक माणूस प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेला दिसतो. कोणीतरी एकाने पासवर्ड पाच वेळा चुकवला की फेलटूबॅन प्रॉक्सीलाच बॅन करतो आणि सगळं ऑफिस बाहेर. मी एकदा पूर्ण सकाळ राउटर बदलण्यात घालवली होती यापायी, नवा राउटर विकत आणून! खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये पुढे पाठवता येतो, पण सर्व्हर तो हेडर लॉगमध्ये घेतो का ते बघावं लागतं. साधा उपाय म्हणजे फेलटूबॅनच्या इग्नोर यादीत प्रॉक्सीचा आयपी टाकायचा आणि चुकीच्या पासवर्डची मोजणी प्रॉक्सीवरच करायची.

तिसरं आपल्या सोलापूरचं स्पेशल आहे. एनजिनएक्स मुळात एक एमबीपेक्षा मोठी फाईल अपलोड करू देत नाही, ४१३ एरर देतो. फोनवरच्या स्वागताचं रेकॉर्डिंग आठ किलोहर्ट्झ सोळा बिट वेव्हमध्ये असतं, म्हणजे सेकंदाला सोळा हजार बाईट. एक एमबी भरायला पासष्ट सेकंद. पुण्याच्या ऑफिसचं स्वागत वीस सेकंदात संपतं हो, पण इथं मराठी झालं की तेलुगू, तेलुगू झालं की कन्नड, मग हिंदी, गेलं सत्तर सेकंदाच्या वर. आणि रिसेप्शनची ताई सांगते 'सर मराठी एकटं अपलोड होतंय, चारी भाषा एकत्र केल्या की होत नाही', तेव्हा मला आधी वाटलं फॉन्टचा प्रॉब्लेम आहे! आवाजाच्या फाईलला कसला आलाय फॉन्ट. ही भानगड कन्सोल पण प्रॉक्सीमागं ठेवलात तरच होते. क्लायंट मॅक्स बॉडी साईझ वीस एमबी करा, विषय संपला.

आता आवाज. इथं जरा सावकाश वाचा.

फोनवर दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक बोलणी, म्हणजे सिप, कोण कोणाला लावतोय, उचलला का, ठेवला का. ती ५०६० वर, टीएलएस असेल तर ५०६१ वर. दुसरा प्रत्यक्ष आवाज, आरटीपी, तो यूडीपीवर वेगळ्याच पोर्टांवरून जातो आणि कुठल्या पोर्टवरून जायचं ते दर कॉलला सिपमध्ये ठरतं. म्हणून रजिस्टर झालं, रिंग वाजली, याचा अर्थ आवाज जाणार असा नाही. वधूवरांच्या याद्या झाल्या म्हणजे वऱ्हाड कार्यालयात पोचलं असं नसतंय, पत्रिकेवर पत्ता चुकीचा छापला असेल तर वऱ्हाड भलतीकडंच.

तुमच्या सर्व्हरनं नेमकं तेच केलंय. बघायचं असेल तर सर्व्हरवर एसएनग्रेप (सिपचे निरोप दाखवणारा प्रोग्राम) टाका, मोबाईलवरून कॉल लावा, त्या कॉलवर एंटर मारा आणि सर्व्हरनं पाठवलेला २०० ओके (कॉल उचलल्याचा निरोप) उघडा. खालच्या भागात 'सी' अक्षराने सुरू होणारी एक ओळ असते, 'सी = आयएन आयपी४' आणि पुढं पत्ता. तिथं तुम्हाला १९२.१६८.१.१० दिसेल, मी पैज लावतो. म्हणजे तुमचा सर्व्हर विजापूर रोडवर घरात बसलेल्या मोबाईलला सांगतोय की आवाज १९२.१६८.१.१० ला पाठव. तो पत्ता तुमच्या कारखान्याच्या भिंतीच्या आतच चालतो. मोबाईल इमानदारीत तिकडं पाठवतो आणि आवाज हवेत विरतो. उलट बाजूला मोबाईलच्या ॲपने स्टन (आपला बाहेरचा पत्ता विचारायची पद्धत) वापरून आपला बाहेरचा पत्ता शोधून सांगितलाय, म्हणून तुमचा आवाज तिकडं पोचतो. एकतर्फी आवाजाचा सगळा खेळ एवढाच आहे.

उपाय पीजेसिपच्या (ॲस्टरिस्कमधला सिप सांभाळणारा भाग) ट्रान्सपोर्ट सेटिंगमध्ये तीन ओळींचा. एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस आणि एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस या दोन्हीत तुमचा पब्लिक आयपी, आणि लोकल नेटमध्ये आतलं नेटवर्क, १९२.१६८.१.० स्लॅश २४. तिसरी ओळ लोक विसरतात आणि मग आतल्या फोनना पण बाहेरचा पत्ता सांगितला जातो, बाहेरचं सुरू झालं की आतलं बंद. नवी पेठेचं ऑफिस व्हीपीएनने जोडलेलं असेल तर त्याचं नेटवर्क पण लोकल नेटमध्ये घाला. बाहेरच्या एक्स्टेन्शनवर डायरेक्ट मीडिया बंद, आरटीपी सिमेट्रिक चालू, फोर्स आरपोर्ट चालू, रीराइट कॉन्टॅक्ट चालू. आणि ट्रान्सपोर्टमधला बदल नुसत्या रीलोडने लागत नाही, ॲस्टरिस्क पूर्ण रीस्टार्ट करावा लागतो. 'सगळं करून बघितलं, फरक पडत नाही' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी रीस्टार्टच केलेला नसतो.

अर्ध्या मिनिटात कटणारे कॉल. घड्याळ लावून बघा, बरोबर ३२ सेकंद असेल. सिपमध्ये कॉल उचलल्याचा निरोप पाठवल्यावर समोरून पोच यावी लागते, नाही आली तर निरोप परत परत पाठवला जातो, आणि अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट वेळ, म्हणजे ३२ सेकंद थांबून सोडून दिलं जातं. पोच का येत नाही? तेच की, सिग्नलिंगचा पत्ता आतला सांगितलाय म्हणून पोच पण आतल्या पत्त्यावर जाते. वरच्या तीन ओळी घातल्यात की हे पण जाईल. नाही गेलं तर राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं एक काम बिघडवायचं खातं असतं ते बंद करा. ते मदत म्हणून सिपच्या निरोपातले पत्ते मध्येच बदलतं, आणि ॲस्टरिस्क स्वतःच बदलत असतो, दोघांनी मिळून केलेली पत्त्याची भाजी कोणालाच वाचता येत नाही. आपल्याकडं लाईट गेली, आली, परत गेली, व्होल्टेज उसळलं की स्वस्तातले राउटर कधी कधी फॅक्टरी सेटिंगवर जातात आणि एएलजी परत चालू होऊन बसतं. म्हणून राउटरला यूपीएस आणि सेटिंगची एक फाईल पेन ड्राइव्हवर. सर्व्हरला यूपीएस असतो, राउटरला नसतो, सगळीकडं हेच बघतोय मी.

आरटीपीचे पोर्ट किती उघडायचे? ॲस्टरिस्कच्या फाईलमध्ये १०००० ते २०००० लिहिलेलं असतं आणि सगळे तेच राउटरवर चिकटवतात. हिशोब करा. आवाजाच्या एका बाजूला दोन पोर्ट, सम पोर्टवर आवाज, पुढच्या विषमवर त्याचा हिशोब. एका कॉलला दोन बाजू, म्हणजे चार पोर्ट. साठ एक्स्टेन्शन एकमेकांशी बोलायला लागले तरी तीस कॉल, १२० पोर्ट. वर ट्रंकचे (बाहेरच्या टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या लाईनचे), कॉन्फरन्सचे धरा. १०००० ते १०४९९, पाचशे पोर्ट, सव्वाशे कॉल. तुमचा धंदा दुप्पट झाला तरी पुरेल. आरटीपीच्या फाईलमध्ये आणि राउटरवर दोन्हीकडं एकच रेंज पाहिजे, एकीकडं बदललीत आणि दुसरीकडं राहिली तर दहातल्या तीन कॉलला आवाज नाही असला भुताटकीचा प्रकार सुरू होतो, कारण पोर्ट दर कॉलला वेगळा निघतो. बँडविड्थचं पण सांगतो, जी ७११ या आवाजाच्या फॉरमॅटला एका बाजूने इथरनेटवर साधारण ८७ केबीपीएस लागतात, दहा कॉल बाहेर चालू असले तरी एक एमबीपीएसच्या आत. लाईन कमी पडत नाही, अपलोडवर सीसीटीव्ही बसलेला असतो तो आवाज फाडतो.

हे सगळं करायच्या आधी, म्हणजे खरं तर मी हे वर सांगायला पाहिजे होतं, बाहेरचा पत्ता तुमचा आहे का ते बघा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा, आणि मोबाईल ऑफिसच्या वायफायवर ठेवून गुगलला तुमचा आयपी विचारा. दोन्ही एक असले तर छान. राउटरवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचं काही दिसलं, किंवा १० ने सुरू होणारं, तर तुम्ही ब्रॉडबँडवाल्याच्या नॅटमागे आहात, एकाच पत्त्यावर तुमच्यासारखे अनेक. मग राउटरवर काहीही फॉरवर्ड करा, पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाही. तुमच्या शेठना हजेरी घरून दिसते म्हणजे तुमचं बरोबर असावं, पण नवी पेठेचं तपासा. केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी मागा, महिन्याला थोडे पैसे जास्त घेतो, देतो मात्र.

आणि ऑफिसात बसून फोनचं नाव ब्राउझरमध्ये टाकलं की राउटरचंच लॉगिन पान येतं, घरून मात्र नीट चालतं, असा प्रकार तुम्हाला होणार आहे, आधीच सांगतो. नाव बाहेरच्या पत्त्याकडं नेतं, तुम्ही आतून बाहेर जाऊन परत आत यायला बघता, आणि बऱ्याच राउटरना ती कोलांटी जमत नाही. आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यादी) तेच नाव प्रॉक्सीच्या आतल्या आयपीला जोडा, झालं.

ब्राउझरमधून फोन करायचा तर एचटीटीपीएस पाहिजेच, नुसत्या आयपीवर साध्या एचटीटीपीने उघडलंत तर ब्राउझर माईकच देत नाही, परवानगीसुद्धा विचारत नाही. म्हणून सर्टिफिकेट डोमेनच्या नावावर घ्या, लेट्स एन्क्रिप्टचं फुकटचं चालतं, ९० दिवसांचं असतं. आपोआप रिन्यू होतं खरं, पण नेहमीच्या पद्धतीत त्यांचा सर्व्हर तुमच्या ८० पोर्टवर येऊन तपासतो. कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली ८० बंद करतो, तीन महिने काही होत नाही, आणि मग ऐन गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुट्टीत, माझा फोन वाजतो. ८० प्रॉक्सीला देऊन ठेवा, त्याच्यावर तपासणी आणि ४४३ कडं वळवणं एवढंच ठेवा. नाहीतर डीएनएसवाली पद्धत वापरा, तिला ८० लागत नाही. रिन्यू झाल्यावर एनजिनएक्स रीलोड होतोय का बघा, आणि ५०६१ वर तेच सर्टिफिकेट वापरत असाल तर ॲस्टरिस्कला पण नवीन वाचायला लावा, फाईल बदलली म्हणजे चालू प्रोग्रामला कळतं असं नाही. हाताने करतो म्हणू नका. सगळ्याच कंपन्यांच्या सर्टिफिकेटची मुदत कमी होत चाललीय, १५ मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस. दर दीड महिन्याला आठवण ठेवणारा माणूस तुमच्याकडं आहे का?

टेबलावरचे जुने फोन बघा. काही मॉडेल टीएलएस १.० च्या पुढे गेलेलेच नाहीत, आणि वेब सर्व्हरवर १.२ च्या खालचं बंद ठेवायला पाहिजे, १.० आणि १.१ २०२१ मध्येच अधिकृतपणे मोडीत निघालेत. मग हे फोन आपली सेटिंगची फाईल उचलू शकत नाहीत. चार जुन्या फोनांसाठी सगळा वेब सर्व्हर मागं नेऊ नका. आतल्या आत वेगळ्या पोर्टवर साधं एचटीटीपी चालू करा, फक्त फोनांच्या व्हीलॅनला (फोनांचं वेगळं काढलेलं नेटवर्क) दिसेल असं, आणि डीएचसीपीच्या (फोनला आपोआप पत्ता देणारी सोय) ६६ नंबरच्या ऑप्शनमध्ये तो पत्ता द्या. त्या फायलींत एक्स्टेन्शनचे पासवर्ड असतात, बाहेरून दिसता कामा नयेत.

म्हणजे राउटरवर शेवटी काय राहिलं? टीसीपी (पोच घेऊन पाठवायची पद्धत) ८० आणि ४४३ प्रॉक्सीला, वायरगार्डचा एक यूडीपी, मोबाईल ॲपसाठी टीसीपी ५०६१ आणि यूडीपी १०००० ते १०४९९ टेलिफोन सर्व्हरला. ५०६० फक्त ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या आयपीवरून, बाकी जगाला बंद. ॲपमध्ये ट्रान्सपोर्ट टीएलएस करायला विसरू नका, नाहीतर ५०६० बंद केल्या केल्या सेल्सवाले तुमच्या नावाने शंख करतील.

तपासताना मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर या, ऑफिसच्या वायफायवरून बाहेरचं तपासता येत नाही. टीसीपी पोर्टला लावून बघितल्यावर लगेच 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोचलं, पण ऐकणारा कोणी नाही, सर्व्हरवरची सेटिंग बघा. बराच वेळ लटकून 'टाइमआउट' आला तर मध्ये कोणीतरी गिळतंय, राउटर किंवा फायरवॉल बघा. यूडीपीला टेलनेट लावून काही कळत नाही, तिथं सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून पॅकेट येतंय का तेच बघावं लागतं.

आणखी एक, सर्व्हरची वेळ. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (वेळ सांगणारा सर्व्हर) जुळवायचं, कंपन्यांना पण लागू आहे ते. यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या. वेळ चुकली तर टीएलएस पण बिनसतं, फोन सर्टिफिकेट नाकारतो आणि लॉगमध्ये कारण भलतंच दिसतं.

काम रात्रपाळी सुटल्यावर करा, रीस्टार्टला सगळे चालू कॉल तुटतात. आधी तीन ओळी, रीस्टार्ट, एक कॉल लावून ३२ च्या पुढं चाळीस सेकंद धरून ठेवा. मग एएलजी, मग रेंज, शेवटी प्रॉक्सी. एका वेळी एकच बदल. आणि सर्व्हर शिलाई हॉलच्या बाजूच्या खोलीत आहे म्हणालात, उघडलाच आहे तर पंख्यावरचे कपड्याचे तंतू पण काढा, मे महिन्यात त्या खोलीत माणूस उभा राहू शकत नाही. पब्लिक आयपी घातल्यावर 'सी'च्या ओळीत काय येतं ते कळवा, तरीही १९२ च दिसलं तर लोकल नेट चुकलंय, ती ओळ जशीच्या तशी पाठवा, बघून सांगतो.